रजिस्ट्रेशनच्या लोभाने ऑनर्सला गेले

खरं कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला हुशार वगैरे समजायला नको. ऑनर्स प्रोग्रॅमला मी अर्ज केला तो ज्ञानाच्या ओढीने नाही, रजिस्ट्रेशनसाठी केला. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. पुढच्या सेमिस्टरचे क्लास निवडायचा तुमचा नंबर लागेपर्यंत चांगले सगळे भरलेले असतात आणि मग उरतो तो शुक्रवारी संध्याकाळचा लॅब. माझी रूममेट ऑनर्सवाली होती, तिचं रजिस्ट्रेशन आमच्या कितीतरी आधी उघडायचं. ती सकाळी अंथरुणातूनच फोनवर चार क्लास टाकायची आणि परत झोपायची. मी वेटलिस्टवर.

तर पहिलं सेमिस्टर संपल्यावर एक मेल आला की तुमचा जीपीए (म्हणजे चारपैकी मार्कांची सरासरी) बरा आहे, तुम्हाला ऑनर्सला अर्ज करता येईल. (असला एक मेल मी आधी जाहिरात समजून उडवला होता.) आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे डिस्टिंक्शन का गं?" नाही गं आई. मग बाबा मागून, "दिल्लीला बीए ऑनर्स असतं तसं असेल." तसंही नाही. आणि आता आपल्याकडे नव्या धोरणात चार वर्षांच्या डिग्रीला ऑनर्स म्हणतात ते तर अजून वेगळं. इथेसुद्धा गोंधळ आहेच, पदवीवर कुम लाउडे वगैरे लॅटिनमध्ये लिहून येतं ते बहुतेक ठिकाणी नुसत्या मार्कांवर मिळतं, त्याचा या प्रोग्रॅमशी संबंध नसतो. हा प्रोग्रॅम म्हणजे मोठ्या युनिव्हर्सिटीच्या पोटात एक छोटं कॉलेज. डिग्री तीच, पण काही क्लास छोटे, सल्लागार वेगळा, हवं तर राहायला वेगळं हॉस्टेल आणि शेवटी एक थीसिस. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने असं अख्खं ऑनर्स कॉलेज १९५६ मध्येच काढलं होतं, पेन स्टेटचं श्रेयर १९९७ चं. काही ठिकाणी याची वेगळी फी पण असते, अ‍ॅरिझोना स्टेटच्या बॅरेटमध्ये घेतात, त्यामुळे अर्ज करणाऱ्यांनी ते आधी बघून घ्या.

अर्जात दोन छोटे निबंध होते ते लिहिले. अडलं कुठे, तर शिफारसपत्रात. एका प्रोफेसरचं पत्र हवं, आणि मला ओळखणारा एकही प्रोफेसर नव्हता! केमिस्ट्रीच्या लेक्चरला आम्ही साडेतीनशे जण, हजेरी क्लिकरचं बटण दाबून, शंका टीएला, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखालच्या मदतनीस विद्यार्थ्याला, विचारायच्या, पेपरही टीएच तपासणार. मोठ्या गर्दीतून छोट्या वर्गात जायचं तर आधी त्या गर्दीतच कोणीतरी तुम्हाला ओळखलेलं पाहिजे, हे मला तेव्हाही अजब वाटलं आणि आताही वाटतं. शेवटी रायटिंगच्या क्लासमधल्या बाईंना विचारलं, तिथे आम्ही वीसच जण होतो म्हणून त्यांना निदान माझा चेहरा माहीत होता. त्यांनी दिलं पत्र, आणि झालं अ‍ॅडमिशन.

पहिला ऑनर्स सेमिनार. सोळा जण, गोल मांडलेली टेबलं, आठवड्याला ऐंशी-नव्वद पानं वाचून यायचं. मी वही काढून तयार, सर काय सांगतील ते लिहून घ्यायला. सर काही सांगेचनात. म्हणाले, "हं, कोण सुरू करतंय?" आणि गप्प बसले. आपल्याला शाळेपासून सवय कसली, तर शिक्षकांनी सांगायचं, आपण उतरवून घ्यायचं, आणि शंका असेल तर ती शेजारणीला विचारायची. इथे शेजारीण तावातावाने बोलत होती आणि मला वाटत होतं हिने पुस्तक पाठ केलंय की काय. नंतर कुठेतरी वाचलं की अमेरिकेतल्या ऑनर्सची सुरुवात बरीचशी स्वार्थमोर कॉलेजमधून झाली, १९२२ मध्ये, तिथले अध्यक्ष फ्रँक एडेलॉट ऑक्सफर्डला शिकून आलेले, तिथली छोट्या गटात बसून वाद घालायची पद्धत त्यांना आवडलेली. म्हणजे माझ्या त्या सेमिस्टरच्या झोपा उडाल्या त्याचं मूळ थेट ऑक्सफर्डपर्यंत जातं म्हणायचं.

चार आठवडे मी तोंड उघडलं नाही. मार्कांतले पंचवीस टक्के बोलण्याला होते. मग सरांनी ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, बोलावलं, मला वाटलं आता काढतात. ते म्हणाले, उत्तर घेऊन येऊ नकोस, प्रश्न घेऊन ये, एकच, कागदावर लिहून. पुढच्या आठवड्यात मी कागद बघून वाचलं, की अमुक पानावरचा परिच्छेद मला तीनदा वाचूनही कळला नाही. आणि काय आश्चर्य, ती तावातावाने बोलणारी म्हणाली, "मलापण नाही." त्या एका परिच्छेदावर अख्खा तास गेला. ऑनर्समध्ये मला काय मिळालं असं कोणी विचारलं तर मी अजूनही हाच तास सांगते. साडेतीनशेच्या हॉलमध्ये "मला कळलं नाही" म्हणायला मी मेले तरी हात वर केला नसता.

सगळंच असं भारी नव्हतं हां. ऑनर्स काँट्रॅक्ट नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे साध्याच क्लासमध्ये प्रोफेसरशी ठरवून जादा काम करायचं आणि तो क्लास ऑनर्सचा धरला जातो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीला मी तसं केलं, तर मिळालं काय, दर आठवड्याला दहा गणितं जास्त. तशीच, त्याच पातळीची. त्यात नवीन काहीच नव्हतं, नुसती हमाली, आणि वर त्याच सेमिस्टरला मला बी ग्रेड मिळाला. आमच्याकडे जीपीए ३.५ च्या खाली जाऊन चालत नाही, मी ३.४२ वर आले आणि पत्र आलं की एका सेमिस्टरात सुधारा नाहीतर बाहेर. आई रोज विचारायची जेवलीस का आणि मी रोज खोटं सांगायचे. क्लास सोडावा तर एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला बारा क्रेडिटच्या खाली जाता येत नाही, म्हणजे तीही वाट बंद. आले कशीबशी वर. पण काँट्रॅक्ट पुन्हा केलं नाही आणि कोणी विचारलं तर करू नको म्हणून सांगते, प्रोफेसर स्वतः काहीतरी वेगळं करून घेणार असतील तरच करावं.

रूममेटने तिसऱ्या वर्षी ऑनर्स सोडलं. थीसिसच्या तोंडावर बरेच जण सोडतात. तिला इंटर्नशिप मिळाली होती, तिने हिशोब केला आणि गेली, तिचं काही अडलं नाही. मी राहिले. हट्ट म्हणा, किंवा तोपर्यंत रजिस्ट्रेशनची सवय लागली होती म्हणा.

थीसिसच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात. एक सेमिनारच्या सरांनी लगेच दिली. दुसरी माझ्या विषयातली हवी, आणि विषय असा निघाला की त्यातलं जाणणारे डिपार्टमेंटमध्ये एकच, पहिल्या वर्षाचे ते साडेतीनशेवाले केमिस्ट्रीचे प्रोफेसर. गेले. या वेळी पण प्रश्न कागदावर लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, वीस मिनिटं बोलले, मग सही करता करता विचारलं, "तू आधी कधी माझ्या क्लासला होतीस का?"

म्हटलं, होते ना. शेवटून तिसरी रांग.