फूटपट्टीभर जागा

मेरीलँडमधल्या एका शाळेत मी आठवीला इतिहास शिकवायचे. गुलामगिरीचा धडा जवळ आला की दरवर्षी पोटात गोळा यायचा. वर्गात गोरी, ब्लॅक, लॅटिनो, दोन-तीन देशी मुलं. कुणाकडे बघून बोलायचं?

त्या दिवशी पडद्यावर ब्रुक्स या गुलाम वाहून नेणाऱ्या लिव्हरपूलच्या जहाजाचा आराखडा होता. माणसं कशी रचायची त्याचं चित्र. १७८८च्या कायद्याने ४५४ जणांना परवानगी. त्याआधी एका फेरीत ६०९ कोंबली होती. मापंही दिलेली : पुरुषाला ६ फूट लांब, १ फूट ४ इंच रुंद; मुलीला साडेचार फूट लांब आणि १ फूट रुंद.

मुलांना जमिनीवर झोपवून 'अनुभव' देणं मला कधीच पटलं नाही. मी फक्त फरशीवर मुलीच्या मापाची चौकट टेपने आखली आणि रुंदीला फूटपट्टी लावली. पट्टी संपली तिथे जागा संपली. वर्ग चिडीचूप.

तेवढ्यात मागून एक मुलगा एका ब्लॅक मुलीला म्हणाला, "तू मावशील बघ यात." दोघं-तिघं हसले. आणि मी? "चला, पुढचं चित्र," म्हणाले.

त्या मुलीने बाकावरची स्वतःची फूटपट्टी उचलून दप्तरात टाकली. ते बघितलं आणि मी प्रोजेक्टर बंद केला. "आत्ता जे बोललं गेलं ते क्रूर होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ती माझी चूक."

मुलगा लाल झाला. "पण मिस, आमचे पणजोबा इथे आले तेव्हा गुलामगिरी कधीच संपली होती. आमचा काय संबंध?"

हे तर माझ्याच घरचं वाक्य! आजोळी गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा असायचा, शेतावर कामाला येणाऱ्या माणसासाठी. आजी वरून चहा ओतायची, तो पिऊन, कप विसळून परत ठेवायचा. कुणी विषय काढलाच तर, "जुन्या काळचं ते. आपण कुठे कुणाचं वाईट केलंय?" त्या कपाला मीही कधी हात लावला नाही.

हे सगळं वर्गात सांगितलं. फळ्यावर 'जात' हा शब्द लिहिला. देशी मुलांपैकी एक जण वाकून बुटाची नाडी बांधत बसला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. त्या क्षणी ते सांगणं म्हणजे जोतीरावांच्या आड लपणं झालं असतं.

घंटा झाल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. "त्या माणसाचं नाव काय होतं?"

मला आठवेना.

संध्याकाळी दोन फोन केले. पहिला त्या मुलाच्या घरी. तो बराच लांबला. दुसरा आईला. ती थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "कशाला आता ते?"