‘शारदा’ हसवते कुठे आणि अडकते कुठे

आज गंगापूर रोडला ‘संगीत शारदा’च्या वाचनाला बसलो होतो. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक 1899 मध्ये रंगभूमीवर आलं; शारदा या कोवळ्या मुलीचं लग्न पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवलं जातं, त्याची ही गोष्ट. तालमीत पहिली चूक होते ती भुजंगनाथाची. पंचाहत्तरीचा नवरदेव म्हटला की नट कंबर वाकवतो, खोकतो, हशे घेतो. घ्यावेत, देवलांनी ते लिहिलेच आहेत. पण पहिल्या अंकातच तो निव्वळ विदूषक झाला, तर पुढे शारदाला त्याची भीती का वाटावी? ‘मूर्तिमंत भीति उभी’ हे तिचं पद मग नुसतं गाणं उरतं. त्यात ताना आटोपत्या घ्या, वन्समोअरचा मोह टाळा.

खरा व्यवहार शारदाचा बाप कांचनभट आणि लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित यांच्यात चालतो. बाप विकतो, दलाल भाव ठरवतो. हे संवाद भाजीबाजारातल्या घासाघिशीसारखे सहज बोलले तरच अंगावर येतात. खलनायकी आवाज काढला की संपलं. शारदाच्या आईला, इंदिराकाकूंना, सगळं कळतं, पण त्यांचा शब्द चालत नाही. म्हणून कांचनभट बोलत असतानाही त्या प्रेक्षकांना दिसत राहतील अशा उभ्या करा.

आणि सगळ्यात बोचरी गोष्ट कथानकातच आहे. लग्न मोडतं ते मुलगी नको म्हणते म्हणून नव्हे, वर-वधू सगोत्र निघतात म्हणून! हे लग्न मोडायला निघालेल्या तरुण कोदंडालासुद्धा तिचा नकार पुरत नाही, शास्त्राचा आधार शोधावा लागतो. बरं, मोडलेल्या लग्नाचा डाग तिलाच, जीव द्यायला नदीवरही तीच जाते. बहुतेक प्रयोगांत हा सगोत्राचा भाग घाईत उरकतात. तिथे वेग कमी करा, शारदाला मधोमध ठेवा आणि तिच्याकडे कुणालाही बघू देऊ नका.