लठ्ठपणाचे रिव्ह्यू तपासताना : माझा अनुभव

एम.डी.च्या थीसिसचा विषय कळल्यावर बॅचमेट म्हणाले, मजा आहे तुझी! प्रौढांच्या लठ्ठपणावरील उपचारांचे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका विषयावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीनं शोधून केलेले आढावे, गोळा करायचे आणि ते कितपत नीट केलेत ते तपासायचं. पेशंटच्या मागे फिरणं नाही, रक्ताचे नमुने नाहीत.

तपासायला 'अ‍ॅमस्टार २' ही प्रश्नावली होती, २०१७ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली. प्रश्न १६, त्यांतले ७ कळीचे. कळीच्या एका प्रश्नात रिव्ह्यू अडकला की त्यावरचा विश्वास 'कमी', एकाहून जास्त ठिकाणी अडकला की 'अत्यंत कमी'. गुणांची बेरीज करायची नाही, असं प्रश्नावली बनवणाऱ्यांनीच बजावलंय. तरी या कामातल्या माझ्या जोडीदारानं एक्सेलमध्ये टोटलचा रकाना काढलाच. गाइड मॅडमनी तो पहिल्याच मीटिंगला उडवला.

जोडीदार लागतो, कारण दोघांनी एकमेकांचं न बघता उत्तरं भरायची आणि नंतर भांडायचं. आम्ही सगळ्यात जास्त भांडलो सातव्या प्रश्नावर. पूर्ण वाचून मग वगळलेल्या अभ्यासांची यादी कारणांसकट दिली आहे का? असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या रिव्ह्यूंत ती असते. इतरांत बहुतेक वेळा आकृतीतल्या चौकोनात नुसता आकडा. तो म्हणायचा, एवढं पुरे की. नियमाप्रमाणे पुरत नाही. त्यात प्रोटोकॉलही, म्हणजे रिव्ह्यू कसा करणार याचा आराखडा, आधी ठरवून लिहिलेला नसला की रिव्ह्यू थेट तळाला. प्रोटोकॉल नोंदवायची 'प्रॉस्पेरो' ही नोंदवही सुरू झाली २०११ मध्ये. त्याआधीच्या लोकांना हा नियम लावताना मला जरा अन्यायच वाटायचा. लावला मात्र सगळ्यांना सारखाच.

खरी कसोटी मूळ अभ्यासांतल्या पक्षपाताच्या प्रश्नांना लागली. वजन कमी करण्याच्या अभ्यासांतून माणसं मध्येच सोडून जातात, आणि ज्यांचं वजन हलत नाही ती जास्त जातात. उरलेल्यांचीच सरासरी काढली तर कुठलाही उपचार गुणी दिसणार. काही जण गेलेल्या माणसाचं शेवटचं वजनच पुढे ओढतात, म्हणजे पुन्हा वाढलेले किलो हिशेबात येतच नाहीत. कोण कुठल्या गटात हे लपवणंही अवघड. ऑर्लिस्टॅट हे वजन कमी करायचं औषध घेणाऱ्याला तेलकट शौचावरून आपल्याला खरी गोळी मिळाली हे कळतं. आहार-व्यायामाच्या सल्ल्याला तर प्लासिबो, म्हणजे खोटा उपचार, आणणार कुठून? चांगले रिव्ह्यू हे नोंदवतात, पण निष्कर्षाला पोचेपर्यंत त्यांतले बरेच ते विसरतात. निष्कर्ष काढताना हा पक्षपात धरला का, या तेराव्या प्रश्नात ते सापडतात.

दहावा प्रश्न पैशाचा: मूळ अभ्यासांना पैसा कुणी दिला हे सांगितलंय का? हा कळीच्या सातांत नाही. औषधांचे बहुतेक मोठे अभ्यास कंपन्याच करतात, तेव्हा या विषयात तो कळीचाच धरायला हवा असं माझं मत. प्रश्नावली तशी मुभा देते. मॅडम म्हणाल्या, "धर, पण आधी लिहून ठेव, निकाल बघून नको."

एक गोष्ट मात्र सोळांपैकी एकही प्रश्न विचारत नाही: हे आपल्या पेशंटला लागू आहे का? औषधांच्या अभ्यासांत साधारण बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० च्या पुढचे, किंवा सोबत दुसरा आजार असेल तर २७ च्या पुढचे लोक घेतात. आपल्याकडे २००९ पासून २५ लाच लठ्ठपणा धरतात. शिवाय सिब्युट्रामिनसारखं औषध, जे हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेलं, त्याचे घटलेले किलो मोजणारा जुना रिव्ह्यूही इथे चांगली श्रेणी मिळवू शकतो. श्रेणी रिव्ह्यूच्या कामाची असते, औषधाची नव्हे. हे प्रेझेंटेशनच्या वेळी दरवेळी नव्यानं सांगावं लागलं.

म्हणून निकालाच्या शेजारी मी 'कशामुळे' असा आणखी एक रकाना घातला. यादी आणि प्रोटोकॉल न दिल्यानं तळाला गेलेला आणि गळती लपवून गेलेला, दोघे एकाच शब्दाखाली कसे ठेवणार? तक्ता त्यामुळे पानात मावेना, आडवा छापावा लागला, आणि बाइंडिंगवाल्यानं त्याचे वेगळे पैसे लावले.