एकाच स्लाइडवर जांभळे नि गुलाबी

"कल्चर शुद्ध आहे, कॉलनी सगळ्या एकसारख्या आहेत, तरी ग्रॅम स्टेनमध्ये निम्मे जीवाणू जांभळे आणि निम्मे गुलाबी. असं का?" नागपुरात प्रॅक्टिकलचा हंगाम आला की हा प्रश्न हमखास येतो. ग्रॅम स्टेन म्हणजे जीवाणू रंगवून त्यांचे दोन गट पाडायची पद्धत: जांभळे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम-निगेटिव्ह. कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू, आणि कॉलनी म्हणजे प्लेटवर दिसणारा त्यांचा ठिपका. तुम्ही विचारलंत म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

विचारणाऱ्याचा संशय बहुधा रंगाच्या बाटलीवर असतो. माझा आधी स्मिअरवर, म्हणजे स्लाइडवर पसरलेल्या जीवाणूंच्या थरावर जातो. स्लाइडवर पाण्याचा छोटा थेंब, त्यात कॉलनीला लूपचा (तारेच्या कडीचा) नुसता स्पर्श, आणि वाळल्यावर खालची वर्तमानपत्राची अक्षरं वाचता यावीत इतका पातळ थर. जाड गठ्ठ्यात अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही, मग ग्रॅम-निगेटिव्हही जांभळेच राहतात. थर पूर्ण वाळू द्या, मग ज्योतीवरून दोन-तीनदा झरकन फिरवा. स्लाइड हाताच्या पाठीला सोसवेल एवढीच गरम हवी. भाजली, तर जीवाणूंच्या भित्ती फुटतात आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह गुलाबी दिसू लागतात.

पुढची वेळ सगळ्यांना पाठ असते: क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, रंग काढायला अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन (गुलाबी रंग) १ मिनिट, आणि प्रत्येक पायरीनंतर पाण्याची हलकी धार. खरी परीक्षा अल्कोहोलची. आयोडीन आणि व्हायोलेट मिळून पेशीत मोठे कण तयार होतात. ग्रॅम-पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची (साखर-प्रथिनांच्या जाळीची) भित्ती जाड; अल्कोहोलने तिच्यातलं पाणी ओढलं गेलं की ती आक्रसते आणि कण आत अडकतात. ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं मेदयुक्त आवरण विरघळतं, आतली भित्ती पातळ, म्हणून रंग वाहून जातो. पण फरक वेगाचा आहे! जास्त वेळ धरलं तर जाड भित्तीही रंग सोडते. स्लाइड तिरपी धरा, ९५ टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडा, ओघळ रंगहीन झाला की त्या क्षणी पाणी. साधारण १० ते २० सेकंद लागतात. नुसतं ॲसिटोन असेल तर दोन-तीनच. घड्याळापेक्षा ओघळावर नजर ठेवा.

एवढं सांभाळूनही मिश्र रंग आले, तर कल्चरचं वय विचारा. १८ ते २४ तासांचंच घ्या. बॅसिलससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्हांची भित्ती म्हातारपणी कमकुवत होते आणि ते गुलाबी दिसतात. शनिवारची प्लेट सोमवारी रंगवणाऱ्यांची तक्रार मी ऐकूनच घेत नाही.

आपल्याकडच्या मे महिन्याचा हिशोब मात्र निराळा. पारा ४५ कडे सरकला की कूलरच्या वाऱ्यात व्हायोलेट स्लाइडवरच वाळतं आणि त्याचे स्फटिक कोकायसारखे (गोल जीवाणूंसारखे) भासतात. रंग भरपूर घाला, तो गाळूनच वापरा. ॲसिटोन-अल्कोहोलच्या उघड्या बाटलीतून ॲसिटोन आधी उडतं आणि उरलेलं मिश्रण मंद होतं. आयोडीन फिकट पिवळं पडलं की फेकून द्या. नवं करताना आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, मग त्यात १ ग्रॅम आयोडीन, आणि शेवटी पाणी घालून ३०० मिली करा. नुसत्या पाण्यात आयोडीन विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. गडद बाटली, थंड कपाट.

दोष स्लाइडचा की कल्चरचा हे कळायला त्याच स्लाइडवर शेजारी दोन ठिपके द्या: एक स्टॅफिलोकोकसचा (हा जांभळा यायला हवा), एक ई. कोलायचा (हा गुलाबी). ते चुकले तर तुमचा नमुना वाचूच नका. घरचं दही खूप पातळ करून त्याचा स्मिअर केलात, तर सरावाला जांभळे लॅक्टोबॅसिलस फुकट मिळतात.

तरीही शंका उरली, तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भरपूर कॉलनी घोटा आणि मिनिटभरात लूप हळूच वर उचला. ग्रॅम-निगेटिव्ह फुटून त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि पाकासारखी तार सुटते. ग्रॅम-पॉझिटिव्हला तार येत नाही. कॉलनी कमी पडली तर निगेटिव्हलाही येणार नाही, तेव्हा इथे हात आखडू नका.