अपुरी पुस्तकं, सुटी पत्रकं

बेळगाव, श्रावण

अराज्यवादाच्या, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या विचाराच्या (अनार्किझम), इतिहासावरचं पुस्तक हाती आलं की प्रस्तावनेच्याही आधी एक गोष्ट तपासावी: प्रत पुरी आहे का? मार्क्सवाद्यांच्या पाठीशी पुढे सरकारं उभी राहिली, समग्र वाङ्मयाचे जाडजूड खंड निघाले. अराज्यवाद्यांच्या वाट्याला तुरुंग, हद्दपारी आणि छापखान्यांवरच्या धाडी आल्या. म्हणून त्यांचं बरंचसं लेखन चोपड्या, लेखमाला किंवा मरणानंतर सापडलेले कागद अशाच रूपात उरलं. त्याचं पुस्तक नंतर दुसऱ्याच कुणीतरी बांधलं.

रशियन अराज्यवादी बाकुनिनचं ‘गॉड अँड द स्टेट’ घ्या. लेखन १८७१ चं, बाकुनिन वारला १८७६ साली, आणि चोपडी निघाली १८८२ मध्ये, जिनिव्हात. काफिएरो आणि रेक्लू या दोघा मित्रांनी ती काढली. मजकूर एका मोठ्या, अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाचा तुकडा. नावही त्या दोघांनीच दिलेलं. शिवाय त्यांनी बाकुनिनची भाषा जागोजागी घासूनपुसून घेतली. १८८३ चं इंग्रजी भाषांतर याच घासलेल्या मजकुरावरून झालं. शेवट एकदम तुटतो. पानं गळली असावीत असं वाटून वाचक दुकानदाराशी भांडतो, पण मूळच तिथे थांबलेलं आहे. ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ लिहिताना भगतसिंगांनी या पुस्तकाचा उल्लेख केला आणि ते अपुरं आहे हेही सांगितलं. तेवीस वर्षांचं वय, डोक्यावर फाशीची टांगती तलवार, तरी वाचलेल्या पुस्तकाबद्दल इतकी काटेकोर नोंद! मला या माणसाबद्दल वाटणारा आदर अशा ओळींमुळे दुणावतो.

अराज्यवादी लेखिका एमा गोल्डमनच्या रशियावरच्या पुस्तकाचं आणखी वाईट झालं. १९२३ साली ‘माय डिसइल्युजनमेंट इन रशिया’ छापलं गेलं तेव्हा शेवटची १२ प्रकरणं त्यात आलीच नाहीत. मार्च १९२१ मधलं क्रोनश्टाटच्या खलाशांचं बोल्शेविक सरकारविरुद्धचं बंड आणि ते चिरडणं नेमकं त्या प्रकरणांत होतं. ती प्रकरणं १९२४ मध्ये वेगळ्या पुस्तकात आली. म्हणजे पहिल्याच भागावर मत बनवणाऱ्याच्या हाती गोल्डमनची अस्वस्थता लागते, ती ज्या घटनेमुळे पक्की झाली ती घटना लागत नाही. पुस्तक उघडून अनुक्रमणिका बघायची. क्रोनश्टाटचं प्रकरण नसेल तर ते अर्धंच आहे.

रशियन अराज्यवादी क्रोपोटकिनचं ‘म्युच्युअल एड’ (परस्पर साहाय्य) पुरं आहे, पण ते लेख म्हणून लिहिलं गेलं: १८९० ते १८९६ या काळात लंडनच्या मासिकात, जीवशास्त्रज्ञ हक्सलीच्या जगण्याच्या झगड्यावरच्या १८८८ च्या लेखाला उत्तर म्हणून. पुस्तक १९०२ चं. प्रत्येक लेखात मुद्दा नव्याने मांडावा लागला, म्हणून पुनरुक्ती आहे. एकूण ८ प्रकरणं. पहिली दोन मुंग्या, पक्षी, जनावरं यांची, आणि बहुतेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात. त्यापेक्षा पाचव्या-सहाव्या प्रकरणापासून सुरुवात करावी. मध्ययुगीन शहरांतले कारागिरांचे संघ तिथे आहेत. ते वाचून झालं की मुंग्यांकडे वळायला हुरूप येतो.

अशा सालांचा गोंधळ होऊ नये म्हणून फुलस्केप वहीत चार रकाने आखावेत: घटना कधीची, लेखन कधीचं, पहिली छपाई कधीची, हातातली आवृत्ती कधीची. शेवटच्या रकान्यासाठी शीर्षकपानाची मागची बाजू बघावी; पुनर्मुद्रणं पुष्कळदा फक्त स्वतःचं साल टाकतात. रशियातलं जुनं कॅलेंडर मागे चालायचं, म्हणून तिथल्या तारखा दुहेरी लिहाव्यात. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या तारखेत १२ दिवस मिळवायचे, विसाव्यातल्या तारखेत १३. झार दुसऱ्या अलेक्झांडरचा वध एका पुस्तकात १ मार्च १८८१ ला आणि दुसऱ्यात १३ मार्चला दिसतो, दोन्ही बरोबर. दुसरा रकाना भरला की वुडकॉकचा ‘अनार्किझम’ हा चळवळीचा इतिहासही नीट कळतो. तो १९६२ चा. स्पेन १९३९ मध्ये पडलं आणि चळवळ संपली, असा त्याचा सूर आहे. सहाच वर्षांनी पॅरिसच्या रस्त्यांवर अराज्यवाद्यांचे काळे झेंडे निघाले आणि पुढच्या आवृत्तीत त्याला पुरवणी जोडावी लागली.

आपल्याकडचा दाखला गांधींचा. मीही अराज्यवादीच, पण वेगळ्या जातीचा, हे ते बोलले फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीला. भाषण मध्येच थांबवलं गेलं, त्यामुळे आपल्या हाती आहे तेही अपुरंच. आठ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, हाच माणूस बेळगावच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघायला येणाऱ्यांनी ‘हिंद स्वराज’च्या शेवटची वाचनयादी जरूर बघावी. २० पुस्तकं, त्यांतली ६ टॉलस्टॉयची, आणि पहिलंच ‘द किंगडम ऑफ गॉड इज विदिन यू’. राज्यसंस्थेवर इतकी कडक टीका क्वचितच कुणी केली असेल.

आणि आपली स्वतःची पत्रकं? सीमालढ्याची, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांची, १९८१ च्या शेतकरी आंदोलनाची. निपाणीच्या बायकांवर छाया दातारांनी पुस्तक लिहिलं म्हणून ती हकीकत टिकली. बाकीचं माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, आणि पत्रकावर साल नसतं, ‘येत्या रविवारी’ असतं. तरी काळ काढता येतो. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं, ‘म्हैसूर राज्य’ असेल तर त्यानंतरचं पण १ नोव्हेंबर १९७३ च्या आधीचं. ‘नये पैसे’ म्हणजे १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. ५९० ने सुरू होणारा पिनकोड दिसला की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. वार आणि तारीख असेल तर जुनं कॅलेंडर लावावं. तोच वार त्याच तारखेला ५, ६ किंवा ११ वर्षांनी येतो, म्हणून दोन-तीन सालं हाती उरतात. सोबत तिथी छापलेली असेल तर सालाचा निकालच लागतो, कारण तिथी आणि तारखेची जोडी साधारण १९ वर्षांनीच जुळते. मुद्रकाचं नाव तेव्हाच्या कायद्याने छापावं लागे. ते नसेल तर पत्रक चोरून छापलेलं असण्याची शक्यता धरावी आणि तशी नोंद करावी.

खानापूर बाजूच्या दमट हवेत टाचण्या आधी गंजतात आणि कागदाला भोक पाडतात, म्हणून त्या काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. एकदा केलं की काढता येत नाही. दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा, कोरी बाजूसुद्धा सोडू नये. पेन्सिलीने लिहिलेले वर्गणीचे हिशोब तिथेच सापडतात.