आजची सकाळ शिंकांविना गेली

आज सकाळी उठल्यावर सलग वीस-पंचवीस शिंका आल्या नाहीत, आणि ही गोष्ट माझ्यासाठी इतकी मोठी आहे की ती इथे लिहावीशी वाटली. दरवर्षी पावसाळा संपता संपता पुण्यात रस्त्याकडेचे गाजरगवत फुलले, की माझे नाक वाहू लागते, डोळे चुरचुरतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची धूळ त्यात भर घालते.

गेल्या वर्षापर्यंत मी चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे वापरत होते. ते तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितल्यावर मला खरोखर वाईट वाटले.

त्यांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकातील फवारा लगेच आराम देत नाही. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे रोज नियमाने घ्यावा लागतो. आज तपासणीच्या वेळी त्यांनी माझी पद्धतही सुधारली: मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरायचा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. माझ्या नाकातून अधूनमधून रक्त का येत होते, ते तेव्हा उमगले.

उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुणे मात्र माझ्याच हातात आहे. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. तोवर रोजच्या लक्षणांची नोंद वहीत ठेवणार आहे.