आमची वाटचाल : तिथी पाहून ठरणारे काम

मुलुंडमधील एका लहानशा गाळ्यातून चालणाऱ्या आमच्या व्यवसायाचे काम तीन प्रकारचे आहे: मुंबई आणि सह्याद्री परिसरातील निसर्गाची छायाचित्रे काढणे, ती प्रकाशकांना, कार्यालयांना व दिनदर्शिका छापणाऱ्यांना पुरवणे आणि हौशी छायाचित्रकारांना सोबत नेऊन हे तंत्र शिकवणे. कॅमेरे आता सर्वांकडेच उत्तम असतात. तरीही लोक आमच्याकडे येतात, कारण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे उभे राहावे हे आम्हांला सांगता येते.

नव्वदच्या दशकात काम सुरू केले तेव्हा स्लाइड फिल्मच्या एका रोलमध्ये ३६ चौकटी मिळत आणि उजेडाचा अंदाज थोडा जरी चुकला तरी आकाश पांढरेफटक होत असे. त्यामुळे बटण दाबण्याआधी प्रकाश वाचण्याची जी सवय लागली, ती मी आजही शिकणाऱ्यांना प्रथम लावतो.

आमच्या वर्षाचा मोठा भाग ठाण्याच्या खाडीभोवती जातो. हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण पावसाच्या तोंडापर्यंत येथे असतात. खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून येथे येण्याची लोकांची इच्छा वाढली आहे. पण अनेक जण सुटीचा दिवस पाहून निघतात आणि पक्षी दूर चिखलात ठिपक्यांएवढे दिसले म्हणून निराश होऊन परततात. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पांगतात. भरतीचे पाणी चढू लागले की ते किनाऱ्याकडे सरकतात आणि पाणी फारच वाढले की विश्रांतीसाठी जवळच्या पाणथळ जागी उडून जातात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-अडीच तास हाच खरा कामाचा वेळ.

ही भरती काढण्याचा किनाऱ्यावरील जुना हिशेब आम्ही अजून वापरतो: पंधरवड्यातील तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, आणि ही वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हींना ढोबळमानाने लागू पडते. नेमक्या मिनिटांसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावेच, परंतु महिन्याची आखणी या हिशेबावर पाच मिनिटांत होते. त्यात उन्हाची दिशा मिळवावी लागते. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्याने तेथे सकाळचे ऊन समोरून येते आणि पक्ष्यांचा गुलाबी रंग काळवंडतो. दुपारनंतर तेच ऊन पाठीमागून मिळते. त्यामुळे शिवडीसाठी आम्ही सप्तमी-अष्टमीच्या सुमाराची संध्याकाळ धरतो, तर ऐरोली-नेरूळच्या बाजूला, जेथे सकाळचा सूर्य पाठीशी असतो, एकादशी-द्वादशीची सकाळ. या दिवसांत रविवार येवो अथवा न येवो, सहल त्याच दिवशी निघते. ग्राहकाच्या सोयीसाठी आम्ही भलता दिवस देत नाही, कारण त्यात त्याचेच पैसे वाया जातात.

पावसाळ्यात धूळ बसते, हवा स्वच्छ होते आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील हिरवा रंग वर्षभरात सर्वांत चांगला मिळतो. याच दिवसांत लेन्सला बुरशी लागते. लेन्स चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटाच्या तळाशी ठेवू नये. हवाबंद डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल घालून ठेवावी आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा कोरडे करावेत. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि बाहेरच्या उष्णतेला तो सरावेपर्यंत उघडू नये, म्हणजे दव काचेवर न धरता पिशवीवर धरते.

पावसाआधी काजव्यांसाठी राजमाची व भंडारदरा परिसरात गर्दी होते आणि त्या गर्दीतील विजेऱ्या पाहून मला मनापासून वाईट वाटते. काजव्यांचे नर-मादी लुकलुकण्यातूनच एकमेकांना शोधतात. आपला झोत त्या संवादात आडवा येतो. म्हणून आमच्याबरोबर येणाऱ्यांना संधिप्रकाशातच झाड निवडून, तिपाई रोवून, फोकस पक्का करून ठेवावा लागतो. अंधार पडल्यावर कोणताही दिवा लावू दिला जात नाही. वीस-तीस सेकंदांच्या अनेक चौकटी घेऊन नंतर एकत्र केल्या की चित्र सुरेख होते. घरट्यांची छायाचित्रे मात्र आम्ही घेत नाही आणि त्यांच्या जागाही कोणाला सांगत नाही. यामुळे काही कामे हातची गेली, त्याची खंत नाही.

या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांनी कागदपत्रांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. परंतु कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक ठरतो. त्यामुळे प्रत्येक कामापूर्वी आम्ही एका पानाचा करार करतो, ज्यात हक्क आमच्याकडे राहील, ग्राहकाला कोणत्या वापरासाठी आणि किती काळासाठी परवानगी आहे आणि छायाचित्राखाली नाव कसे छापायचे, एवढे स्पष्ट लिहिलेले असते. आगाऊ रक्कमही त्याच कागदावर नोंदवून, सही झाल्यावरच सहलीची तिथी निश्चित केली जाते.